गुरुवारचा मुहूर्त

समुद्राच्या बांधावरचं पाण्याचं तिसरं फाटक मागं पडलं तेव्हा पेइ-यिन थांबली. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिनं लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "वहिनी, बसली बघा ही खाली."

"कोण बसली?"

"ही हो." तिनं हनुवटीनं पोट दाखवलं. "सकाळपासून बरगडीत लाथा मारत होती. आता ओटीपोटात ठाण मांडलंय."

"ही कशावरून? डॉक्टरीणबाई तर काही बोलल्या नाहीत."

"लाथ मुलीची आहे."

"लाथेवरून ओळखतेस? मग माझ्या दोन्ही मुलग्यांनी काय गुदगुल्या केल्या होत्या मला?" श्यू-लुआन म्हणाली, आणि पिशवीतून कोमट चहाची बाटली काढून जावेच्या हातात दिली.

डाव्या हाताला ओहोटीनं उघडे पडलेले कालवं वाढवायचे बांबू रांगेनं उभे होते. उजव्या हाताला मासळीची तळी, आणि त्यांत पाणी घुसळत राहणारी चक्रं. उत्तरेचा वारा अंगावर येत होता. देवीचं देऊळ अजून दिसतही नव्हतं. दोन जिवांच्या बाईला एवढी पायपीट कशाला, असं कुणीही विचारलं असतं. पण चाला, भरपूर चाला, असं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं होतं, आणि देवीकडं जायचं तर गाडीवर बसून कशाला, असं पेइ-यिनचं म्हणणं.

श्यू-लुआन मात्र नुसती सोबत म्हणून आलेली नव्हती. सकाळी चुलीपाशी सासूबाईंनी तिला अडवलं होतं. "थोरली, तुझं ऐकते ती. वाटेत नीट समजाव. बाळ काढायचं ते गुरुवारी, सकाळी नऊ ते अकरा, सापाच्या प्रहरात. खो ज्योतिष्यांनी तीन वेळा मांडून बघितलंय. सोमवारी इस्पितळात तसं कळवायचं, म्हणजे कळवायचं." श्यू-लुआननं "बरं, आई" म्हटलं होतं. लग्नाला सतरा वर्षं झाली, तरी सासूला "बरं, आई" याखेरीज दुसरं उत्तर देता येतं हे तिला अजून सापडलेलं नव्हतं.

तीन फाटकं झाली, आणि तिनं अजून त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

*

पेइ-यिन त्या घरात आली ती बंदराच्या मोठ्या शहरातून. स्टेशनबाहेरच्या डब्यांच्या दुकानात ती भात भरायची, आणि सासूबाईंचा धाकटा मुलगा त्सुंग-हान तिथं रोज डबा घ्यायचा. गाडी चुकेपर्यंत उभा राहून घ्यायचा, असं ती हसून सांगे. आई लहानपणीच गेलेली, बाप बोटीवर. त्यामुळं बाळंतपणाला जायला तिला माहेर असं नव्हतंच. गावात आली तेव्हा कालव कुठल्या बाजूनं फोडायचं हेही तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात बोटं कापून घेतली. दुसऱ्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्या बायकांत तिची सुरी सगळ्यांत पुढं चालायला लागली. शिंपल्यांचा ढीग एकीकडं, कालवांची बादली एकीकडं, आणि मधे ही, रेडिओवरचं गाणं अर्धवट गुणगुणत.

तिची एक खोड मात्र घरभर ठाऊक होती. तिला कौल लावायचं वेड होतं. चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फाका, एका अंगानं सपाट, एका अंगानं फुगीर. ओंजळीत धरून जमिनीवर टाकायच्या. एक सपाट, एक फुगीर पडली तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नाही. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसतो, म्हणजे पुन्हा विचारायचं. कौल सगळेच लावतात. पण लोक घर बांधताना, बोट घेताना लावतात. ही केस कापू का म्हणूनही घरातल्या देव्हाऱ्यासमोर फाका टाकायची. "अगं, देव्हाऱ्यातल्या म्हातारीला जरा झोपू दे," त्सुंग-हान तिला चिडवायचा. त्यावर ती एकदा म्हणाली होती, "लहानपणी विचारायला घरात दुसरं कोण होतं?"

पहिल्या खेपेला मात्र तिनं काही विचारलं नाही. मूल मोठं आहे, कापावं लागेल बहुतेक, असं त्या वेळच्या डॉक्टरांनी म्हटलं. त्यातलं 'बहुतेक' दवाखान्यातून घरी येईपर्यंत वाटेत कुठंतरी सांडलं. कापूनच काढायचं, तर निदान चांगल्या घटकेला तरी काढा, हा या भागातला सरळ हिशेब. सासूबाईंनी मुहूर्त आणला. त्या मुहूर्तावर सिन-यू झाली. ज्योतिष्यांनी सांगितलं होतं, पोरगी मोठी अंमलदार होणार. पोरगी आता शाळेत जाते, आणि अजून बुटाचे बंद आजीकडून बांधून घेते.

त्या महिन्याभराच्या बाळंतपणात पेइ-यिन फार रडायची. तिळाच्या तेलातली, आलं घातलेली कोंबडी पुढं असायची, वाटीवर वाफ असायची, आणि ही वाटीत बघून रडायची. वारा लागला असेल, असं म्हणून सासूबाईंनी खिडकीला दुसरा पडदा लावला. श्यू-लुआन वाटी उचलायला गेली तेव्हा पेइ-यिन तिला म्हणाली, "वहिनी, मी झोपले आणि उठले तर शेजारी मूल होतं. कुणी आणून ठेवावं तसं. माझंच आहे ना हो?"

"तुझंच आहे. नाक बघ तिचं, तुझंच बसकं."

तेव्हा ती रडता रडता हसली होती. पण त्यानंतर सात वर्षं दुसऱ्या मुलाचं नाव तिनं काढलं नाही.

*

चौथ्या फाटकाशी कालवं विकणारा आ-त्साय स्कूटरवरून समोर आला. मागं बर्फाची पेटी बांधलेली.

"दोघी जावा पायी? सासूनं घराबाहेर काढलं काय?"

"सासूला आम्ही काढलं," श्यू-लुआन म्हणाली. "आता घर मोकळं आहे, येतोस भाड्यानं राहायला?"

"नको बाई, तुमच्या सासूचं भूत भाडं वसूल करील. चला, एकीला देवळापर्यंत सोडतो. पोटुशीला."

"पेटीवर बसवून?" पेइ-यिन म्हणाली. "मग देवी मला ओळखायची नाही, कालवं समजून कांदा-अंडं घालून परतायची."

आ-त्साय हसत निघून गेला. मग श्यू-लुआनच्या मनानं घेतलं की आता बोलावंच.

"पेइ-यिन, आईंचं म्हणणं..."

"गुरुवार."

"हो."

"तुम्हांला सांगून पाठवलंय ना? मला सकाळीच कळलं. तुम्ही चहात साखर घालायची विसरलात." ती पुढं चालत राहिली. "सांगा की. मी ऐकते."

आता ऐकते म्हटल्यावर श्यू-लुआनला सांगायला काही सापडेना. सासूबाईंची बाजू तिला पुरती ठाऊक होती. त्यांचं पहिलं मूल, त्सुंग-हानच्याही आधीचं, श्यू-लुआनच्या नवऱ्याच्याही आधीचं, घरातच, कळा देता देता आत गुदमरलं होतं. त्या बाईला कळांचा भरवसा कुठून वाटावा? सुरी आणि घटका, दोन्ही माणसाच्या हातातल्या गोष्टी. आणि इस्पितळातल्या नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेही तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. एकदा कापलं म्हणून दुसऱ्यांदा कापावंच लागतं असं नाही. तुमच्या बाबतीत वाट बघता येईल, आम्ही इथं लक्ष ठेवू. पण कळांच्या जोरानं जुना टाका आतून उसवू शकतो. क्वचित होतं; झालं तर दोघांच्याही जिवाशी येतं. कापण्यातही धोका असतोच, वेगळा असतो. घरी बोला, सोमवारी सांगा.

घरी बोला म्हणे. घरी त्सुंग-हान म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर," आणि जाळी दुरुस्त करायला निघून गेला. बरं काय वाटणार तेच तर कुणाला कळत नव्हतं.

"मला काही सांगता येत नाही गं," श्यू-लुआन शेवटी म्हणाली. "माझी दोन्ही आपसूक झाली. मी तोंड उघडून कळा दे म्हणावं आणि तुझं काही बरंवाईट व्हावं... आणि काप म्हणावं, तर तू परत वाटीत बघत बसशील."

"मला तरी कुठं कळतंय? रात्री वाटतं, वाट बघू. सकाळी सिन-यूची वेणी घालायला बसले की वाटतं, हिला आईशिवाय ठेवायची माझी काय टाप आहे? आणि आंघोळीला गेले, तो टाका दिसला, की पुन्हा वाटतं... जाऊ दे. म्हणून तर देवीकडं चाललोय."

*

देवळात दुपारची सामसूम होती. पुजारी खुर्चीत डुलक्या घेत होता, आणि त्याच्यासमोरचा टीव्ही एकटाच बोलत होता. मधल्या मोठ्या देवीला धूप दाखवून दोघी बाजूच्या गाभाऱ्याकडं वळल्या. तिथं मूल देणारी देवी. तिच्या दोन्ही अंगांना बारा सुइणी, प्रत्येकीजवळ एक मूल. कुणी पाजतेय, कुणी न्हाऊ घालतेय, कुणी पाठीवर घेतलंय. शेवटच्या एकीनं मात्र मूल पाय धरून उलटं लोंबकळत ठेवलेलं. गावातल्या पोटुश्या तिच्याकडं बघत नाहीत. पेइ-यिननं तिला आधी नमस्कार केला.

"तिला कशाला?"

"तिला कुणी करत नाही म्हणून."

गुडघ्यावर बसताना तिला श्यू-लुआनचा खांदा धरावा लागला. "उभ्यानं विचार, देवीला चालतं," श्यू-लुआन म्हणाली. पण ती बसलीच. रीतीप्रमाणं आपलं नाव, गाव, जन्मतिथी सांगितली. मग फाका ओंजळीत धरून हळू आवाजात, पण ऐकू येईल असं, म्हणाली, "आई, गुरुवारी कापून घेऊ, की कळांची वाट बघू?"

फाका पडल्या. दोन्ही सपाट.

"हसली," पेइ-यिन म्हणाली.

तिनं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा दोन्ही सपाट. एक फाक फरशीवर गरगरत राहिली, वाटलं आता उलटेल, पण सपाटच बसली.

"माझ्यावर हसतेय, वहिनी."

"नीट विचार. मन लावून."

तिसऱ्यांदाही देवी हसली. पेइ-यिनचे डोळे भरून आले. आणि तेव्हा कुठं श्यू-लुआनच्या लक्षात आलं. जन्मभर कौल लावणारी ही बाई, आणि दोघींच्याही ध्यानात येऊ नये!

"अगं वेडे, तू 'हे की ते' विचारतेयस! भात वाढू की पेज, असं विचारल्यावर मान कुठल्या अंगाला हलवायची तिनं? एकेक विचार."

पेइ-यिननं डोळे पुसले आणि स्वतःशीच हसली. लहान पोरसुद्धा ही चूक करत नाही. तिनं फाका पुन्हा उचलल्या.

"आई, गुरुवारच्या घटकेला कापून घेऊ?"

दोन्ही फुगीर. नाही.

श्यू-लुआनच्या छातीतून काहीतरी सुटलं. सुटका म्हणावी की धसका, तिचं तिलाच कळलं नाही. घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगायचं हा विचारही त्याच क्षणी आला, आणि असा विचार इथं आला म्हणून तिनं मनातल्या मनात देवीची माफी मागितली.

पेइ-यिनचा चेहरा उजळला होता. "मग आई, कळांची वाट बघू ना?"

फाका पडल्या. दोन्ही फुगीर.

सपाट पडल्या असत्या तर हसली म्हणून पुन्हा विचारता आलं असतं. ही तर चक्क नाही म्हणाली होती. दोन्हीला नाही.

"म्हणजे काय?" पेइ-यिन म्हणाली.

"मला काय माहीत?"

"तिसरं काय असतं, वहिनी? मूल पोटातच ठेवू?"

तिनं झटकन फाका गोळा केल्या. ओंजळ छातीशी धरली. तिचे ओठ हलायला लागले तेव्हा ती काय विचारणार ते श्यू-लुआनला कळलं, आणि तिनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको. ते विचारू नकोस."

"नीट होईल का, एवढंच."

"नको म्हणते ना! आणि नाही पडलं तर? तर घरी कशी जाशील तू? कुठले पाय घेऊन जाशील?"

पेइ-यिननं फाका कपाळाला लावल्या आणि देवीपुढच्या चौरंगावर ठेवून दिल्या, न विचारताच.

मागून पुजाऱ्याचा आवाज आला. "झालं असेल तर फाका डाव्या बाजूला ठेवा हो. माणसं कुठंही ठेवतात आणि मग जोड जमत नाही."

*

देवळाच्या पायरीवरच श्यू-लुआनचा फोन वाजला. सासूबाई. त्यांचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

"काय म्हणाली देवी?"

"गुरुवारला नाही म्हणाली, आई."

"आणि वाट बघण्याला?"

"त्यालाही नाही."

"मग सोपं आहे की!" सासूबाई म्हणाल्या. "घटका चुकलीय. मला वाटलंच होतं. खोंना हल्ली दिसतं कमी. मी आत्ताच मच्छीबाजाराच्या मागच्या बाईकडं जाते, ती शुक्रवार-शनिवारचं बघेल. धाकटीनं काही खाल्लं का?"

"खाईल आता."

"तिला वाऱ्यात बसवू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पेइ-यिननं सगळं ऐकलं होतं. ती हसायला लागली, पोट धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिला पायरीवरच बसावं लागलं. श्यू-लुआनलाही हसू आवरेना. त्यात म्हातारीची चेष्टा नव्हती. शेवटी जेवणाचं विचारल्याशिवाय तिला फोन ठेवता आला नाही, याचंच दोघींना जास्त हसू आलं असावं.

समोरच्या गाड्यावर माशाच्या गोळ्यांचं गरम सूप मिळत होतं. तिथल्या बाकावर दोघी वाऱ्याकडं पाठ करून बसल्या. आता परत बसनंच जायचं होतं.

"तुम्हांला काय वाटतं तिला काय म्हणायचं होतं?" पेइ-यिननं विचारलं.

"देवीचं मला कळत असतं, तर मी पुजारी झाले नसते?"

"तो पुजारी आहे, त्याला तरी कुठं कळतंय." तिनं वाटीवर दोन्ही तळवे शेकले. "मला वाटतं, ती म्हणतेय, आधी ठरवू नकोस. घटकाही नको आणि हट्टही नको. कळा येतील तेव्हा जायचं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या कापा, तर त्या क्षणी कापायचं. असं म्हणत असेल." ती थांबली. "किंवा नसेलही. कदाचित तिला एवढंच म्हणायचं असेल की मला त्रास देऊ नकोस. मला खरंच नाही कळत, वहिनी. पण सोमवारी मी असंच सांगणार आहे."

"आणि भीती?"

"ती आहे की. ती कुठं जाणारे? चालताना होती, विचारताना होती, आता सूप पितानाही आहे."

हे बरोबर की चूक ते श्यू-लुआनला सांगता येत नव्हतं. सासूबाईंचं गुदमरलेलं मूल तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पुढ्यातली ही बाई सकाळपेक्षा ताठ बसली होती एवढं मात्र खरं. उत्तर मिळालेलं नसताना माणूस असं ताठ का बसतं, हेही तिला उमगेना. देवळाच्या दिशेनं तिनं मनातच हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतेच जोडले.

"मागच्या खेपेचं तुम्हांला एक सांगू?" पेइ-यिन म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. मला पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या. मुहूर्ताला अजून वेळ होता. मी जागी होते, सगळं कळत होतं मला. नर्स आली, माझ्याकडं बघितलं, आणि आता काय करायचं ते घरच्यांना विचारायला बाहेर गेली. मी आत, कळा माझ्या, आणि विचारायला ती बाहेर गेली. मग येऊन सुई टोचली, कळा थांबवायची. घटका येईपर्यंत."

सूपवालीनं बस आली म्हणून हाक दिली. बस अजून लांब, तळ्यांच्या पलीकडं होती. पेइ-यिन बाकाला रेटा देत उठली, आणि उठता उठता तिनं श्यू-लुआनची बाही धरली.

"या वेळी दाराबाहेर तुम्ही बसा. त्सुंग-हान घाबरून जातो, आणि आई आईच आहेत. नर्स बाहेर विचारायला आली, तर तुम्ही हो म्हणू नका, नाही म्हणू नका. माझ्या नावानं कौलही लावू नका. तिला परत आत पाठवा. मी कितीही ओरडत असले, शिव्या देत असले, रडत असले, तरी म्हणा, तिलाच विचारा. एवढं कराल ना, वहिनी?"